अप्रत्यक्ष धूम्रपान आणि तंबाखू उद्योगाच्या पैशांवरील संशोधन

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक चौकट कराराच्या सदस्य राष्ट्रांची सातवी परिषद ७ ते १२ नोव्हेंबर २०१६ या काळात ग्रेटर नोएडा येथे झाली. त्या दिवसांत दिल्ली आणि परिसरावर दाट धुरके पसरले होते. परिषदेला विरोध करण्यासाठी तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटनाही पुढे आल्या होत्या. परिषदेत शिरकाव करण्याच्या आणखी एका प्रयत्नाची माहिती मात्र आठ महिन्यांनी उघड झाली. फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या बहुराष्ट्रीय कंपनीचे अधिकारी परिषदेच्या काळात दिल्ली परिसरात मुक्कामास होते आणि करारातील तरतुदी सौम्य व्हाव्यात यासाठी पडद्याआडून प्रयत्न करीत होते, असे रॉयटर्स वृत्तसंस्थेने जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात म्हटले होते. सरकारी प्रतिनिधींशी चर्चा करण्यात गैर काही नाही, अशी भूमिका कंपनीने मांडली.

या कराराच्या कलम ५.३ नुसार, तंबाखू उद्योगाच्या व्यावसायिक हितसंबंधांपासून सार्वजनिक आरोग्य धोरणाचे संरक्षण करण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर आहे. एका विशिष्ट उद्योगाला धोरणनिर्मितीपासून दूर ठेवणारी अशी तरतूद आंतरराष्ट्रीय करारांत क्वचितच आढळते. ती का करावी लागली, याचे एक महत्त्वाचे कारण अप्रत्यक्ष धूम्रपानावरील संशोधनाच्या इतिहासात सापडते.

अप्रत्यक्ष धूम्रपान म्हणजे काय?

धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीच्या श्वासातून इतरांच्या सिगारेटचा किंवा विडीचा धूर शरीरात जाणे, याला अप्रत्यक्ष धूम्रपान म्हणतात. हा धूर दोन मार्गांनी हवेत मिसळतो. धूम्रपान करणारा जो धूर बाहेर सोडतो तो पहिला, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळेत पेटत्या टोकातून सतत निघत राहतो तो दुसरा. बंद खोलीतील धुराचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. अप्रत्यक्ष धूम्रपानामुळे प्रौढांना फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात होऊ शकतो. लहान मुलांमध्ये दमा, कानाचे विकार आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचे प्रमाण वाढते, तसेच अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूचा धोकाही वाढतो. अशा धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे १३ लाख लोकांचा मृत्यू होतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात दिला होता.

धूम्रपान करणाऱ्याविषयी तंबाखू कंपन्यांना एक युक्तिवाद करता येत असे. धोका पत्करायचा की नाही, हा त्या व्यक्तीचा प्रश्न आहे, असे त्या म्हणू शकत होत्या. शेजारी बसलेल्या व्यक्तीला, घरातील पत्नीला किंवा मुलाला हा युक्तिवाद लागू होत नाही. हा धूर घातक आहे असे सिद्ध झाले, तर कार्यालये, उपाहारगृहे आणि वाहने धूम्रपानमुक्त करण्याची मागणी रोखणे अशक्य होईल, हे उद्योगाने लवकर ओळखले होते. अमेरिकेतील कंपन्यांच्या टोबॅको इन्स्टिट्यूट या संघटनेसाठी १९७८ मध्ये केलेल्या जनमत चाचणीच्या अहवालात, उद्योगाच्या अस्तित्वाला यापूर्वी निर्माण झालेल्या धोक्यांपैकी हा सर्वांत गंभीर धोका असल्याचा इशारा देण्यात आला होता.

हिरायामा यांचा अभ्यास

हा धोका १९८१ मध्ये प्रत्यक्षात आला. टोकियो येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ ताकेशी हिरायामा यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजार ५४० विवाहित स्त्रियांच्या आरोग्याची नोंद त्यांनी १४ वर्षे ठेवली होती. पती जितके अधिक धूम्रपान करीत, तितके पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक आढळले. दिवसाला २० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांच्या पत्नींमध्ये हा धोका जवळजवळ दुप्पट होता. त्याच वर्षी ग्रीसमधील एका अभ्यासातूनही अशाच स्वरूपाचा निष्कर्ष पुढे आला.

टोबॅको इन्स्टिट्यूटने या अभ्यासावर तातडीने हल्ला चढवला. एका नामवंत संख्याशास्त्रज्ञाचा आधार घेऊन, हिरायामा यांच्या गणितात चूक असल्याचा प्रचार करण्यात आला. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. हिरायामा यांनी आक्षेपांना उत्तर दिले आणि त्यांचा निष्कर्ष कायम राहिला.

पडद्यामागे काय चालले होते, ते अनेक वर्षांनी समजले. अमेरिकेतील खटल्यांमुळे कंपन्यांची लक्षावधी अंतर्गत कागदपत्रे १९९० च्या दशकात खुली झाली. ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीच्या जुलै १९८१ च्या एका टिपणात, उद्योगाशी संबंधित शास्त्रज्ञांच्या मतेही हिरायामा यांचा निष्कर्ष बरोबर असल्याची नोंद आहे. म्हणजे आतल्या वर्तुळात जे मान्य होते, तेच बाहेर चुकीचे म्हणून सांगितले जात होते. पुढे कंपन्यांनी हिरायामा यांच्या अभ्यासाला छेद देण्यासाठी जपानमध्येच स्वतंत्र अभ्यास करवून घेतला. त्यामागील उद्योगाची भूमिका झाकलेली राहावी, याची काळजी घेण्यात आली होती. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात याचा सविस्तर वृत्तांत आला.

संशोधन केंद्र आणि सल्लागारांचे जाळे

फिलिप मॉरिस, आर. जे. रेनॉल्ड्स आणि लोरिलार्ड या तीन कंपन्यांनी १९८८ मध्ये सेंटर फॉर इनडोअर एअर रिसर्च ही संस्था स्थापन केली. घरातील आणि कार्यालयातील हवेचा अभ्यास करणे, हा तिचा जाहीर हेतू होता. या संस्थेने अनेक विद्यापीठांतील संशोधकांना अनुदान दिले. त्यांतील बरेचसे प्रकल्प बाहेरील तज्ज्ञांच्या समीक्षेनंतर निवडले जात. गालिचे, बुरशी, स्वयंपाकाचा धूर असे त्यांचे विषय असत. मात्र काही प्रकल्पांना वेगळ्या मार्गाने, कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या थेट निर्णयाने मंजुरी मिळत असे. तंबाखूच्या धुराशी संबंधित प्रकल्प प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गाने येत आणि त्यांचे निष्कर्ष उद्योगाला अनुकूल असण्याचे प्रमाण अधिक होते, असे १९९६ मधील एका विश्लेषणात आढळले.

याच सुमारास युरोप आणि आशियात शास्त्रज्ञ सल्लागारांचे जाळे उभारण्यात आले. हे सल्लागार परिषदांमध्ये भाषणे करीत, वृत्तपत्रांना पत्रे लिहीत आणि सरकारी समित्यांपुढे साक्ष देत. त्यांना देण्यात येणारे मानधन कायदेविषयक सल्लागार संस्थेमार्फत दिले जाई. त्यामुळे उद्योगाशी असलेला त्यांचा संबंध सहजासहजी उघड होत नसे.

या पैशांचा निष्कर्षांवर काय परिणाम झाला, याचे मोजमाप डेबोरा बार्न्स आणि लिसा बेरो या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी केले. त्यांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० ते १९९५ या काळातील १०६ समीक्षात्मक लेख त्यांनी तपासले. उद्योगाशी संबंध असलेल्या लेखकांच्या ३१ लेखांपैकी २९ लेखांत, अप्रत्यक्ष धूम्रपान अपायकारक नसल्याचा निष्कर्ष होता. असा संबंध नसलेल्या लेखकांच्या ७५ लेखांपैकी केवळ १० लेखांत तसा निष्कर्ष होता. लेखाचा दर्जा, विषय, प्रकाशनाचे वर्ष यांपैकी कशाचाही निष्कर्षाशी संबंध दिसला नाही. तो दिसला केवळ लेखकाच्या उद्योगाशी असलेल्या नात्याचा. उपलब्ध पुरावा सर्वांसमोर एकच होता, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

कोलोनची प्रयोगशाळा

अनुकूल निष्कर्ष पुढे आणणे हा या धोरणाचा एक भाग होता. प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध न करणे, हा दुसरा. फिलिप मॉरिसने १९७१ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील इन्बिफो ही प्रयोगशाळा एका स्विस उपकंपनीमार्फत खरेदी केली. १९८० च्या दशकात तेथे पेटत्या टोकातून निघणाऱ्या धुराचे प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. वजनाच्या प्रमाणात पाहता, धूम्रपान करणारा जो धूर ओढतो त्यापेक्षा हा धूर सुमारे चौपट विषारी असल्याचे या प्रयोगांतून दिसून आले. हे निष्कर्ष त्या वेळी प्रसिद्ध झाले नाहीत. खुल्या झालेल्या कागदपत्रांचा अभ्यास करून सुझन शिक आणि स्टॅन्टन ग्लांट्झ यांनी ते २००५ मध्ये जगापुढे आणले. तोवर जवळजवळ दोन दशके लोटली होती.

या प्रयोगशाळेशी संबंधित एक खटला जिनिव्हात गाजला. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नर रायलँडर हे जिनिव्हा विद्यापीठात अध्यापन करीत आणि अप्रत्यक्ष धूम्रपानाचे स्वतंत्र अभ्यासक म्हणून ओळखले जात. फिलिप मॉरिसचे ते दीर्घकाळ सल्लागार असल्याचे अंतर्गत कागदपत्रांतून दिसून आले. पास्कल डीटेल्म आणि जाँ-शार्ल रिएल या दोन आरोग्य कार्यकर्त्यांनी २००१ मध्ये त्यांच्यावर वैज्ञानिक फसवणुकीचा जाहीर आरोप केला. रायलँडर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने कार्यकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आकडे तेच, मथळा वेगळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सात युरोपीय देशांतील १२ केंद्रांमध्ये मोठा अभ्यास हाती घेतला होता. त्याचा प्रतिवाद करण्यासाठी फिलिप मॉरिसने पूर्वतयारी केली होती. दहा वर्षांच्या या अभ्यासावर जेवढा खर्च झाला, साधारण तेवढीच रक्कम केवळ एका वर्षात खर्च करण्याची कंपनीची योजना होती, असे लॅन्सेट या नियतकालिकाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नमूद आहे.

अभ्यासाचा निष्कर्ष असा होता : जोडीदाराच्या धुरामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १६ टक्क्यांनी आणि कामाच्या ठिकाणच्या धुरामुळे १७ टक्क्यांनी वाढतो. ६५० रुग्णांच्या या अभ्यासात केवळ योगायोगाची शक्यता संख्याशास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे फेटाळता येत नव्हती. मात्र ही वाढ आधीच्या अनेक अभ्यासांशी मिळतीजुळती होती. ब्रिटनमधील एका रविवारच्या वृत्तपत्राने मार्च १९९८ मध्ये, अप्रत्यक्ष धूम्रपानाने कर्करोग होत नाही, अशा आशयाचा मथळा दिला. धोका सिद्ध होण्यास एकट्या अभ्यासातील रुग्णसंख्या अपुरी पडणे आणि धोका नसल्याचे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मथळ्यात हा भेद पुसला गेला. संघटनेला स्वतंत्र निवेदन काढून खुलासा करावा लागला.

मे २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जेम्स एन्स्ट्रॉम आणि जेफ्री कॅबट यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील १ लाख १८ हजार ९४ प्रौढांची १९५९ ते १९९८ या काळातील माहिती त्यात वापरली होती. जोडीदाराचे धूम्रपान आणि मृत्यू यांचा लक्षणीय संबंध आढळला नाही, असे लेखकांनी म्हटले. अभ्यासाच्या अखेरच्या टप्प्यासाठी सेंटर फॉर इनडोअर एअर रिसर्चने पैसा पुरवला होता. ही बाब लेखातच नमूद होती.

ज्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीची मूळ माहिती वापरली गेली, तिनेच निष्कर्षावर आक्षेप घेतला. १९५९ नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेतील कार्यालये, विमाने आणि उपाहारगृहे धुराने भरलेली असत. त्यामुळे ज्यांचा जोडीदार धूम्रपान करीत नव्हता, तेही धुरापासून मुक्त नव्हते. अशा दोन गटांची तुलना केल्यास फरक दिसणारच नाही, असे सोसायटीचे म्हणणे होते. दोष आकड्यांत नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतून मिळणे शक्य नव्हते, तो प्रश्न त्यांना विचारण्यात आला होता.

न्यायालयाचा निर्णय

अमेरिकी सरकारने तंबाखू कंपन्यांवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी १७ ऑगस्ट २००६ रोजी निकाल दिला. अप्रत्यक्ष धूम्रपानाच्या धोक्यांबाबत कंपन्यांनी जनतेची दिशाभूल केल्याचे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. अपिलातही हा निष्कर्ष कायम राहिला. अखेर नोव्हेंबर २०१७ पासून कंपन्यांना वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून सुधारित निवेदने प्रसिद्ध करावी लागली. अप्रत्यक्ष धूम्रपानाचे दुष्परिणाम हा त्यांतील एक विषय होता. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने, तंबाखू उद्योगाच्या पैशांवर झालेले संशोधन यापुढे न स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला.

भारतातील स्थिती

भारतात या प्रश्नाला प्रथम न्यायालयीन मार्गाने चालना मिळाली. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्याच्या जगण्याच्या अधिकाराचा विचार या आदेशामागे होता. २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा कायदा केला. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले. नियम मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची मुभा कायद्याने दिली.

संशोधनाचा स्रोत कोणता, हा प्रश्न भारतात २०१५ मध्ये वेगळ्या रूपात पुढे आला. तंबाखूच्या वेष्टनांवर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू होणार होता. त्याआधी संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीने तो स्थगित ठेवण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास परदेशातील असून भारतात तसा अभ्यास झालेला नाही, असे सांगितले. विडी उद्योगावर अवलंबून असलेल्या कामगारांच्या रोजगाराचा मुद्दाही मांडला गेला. विडी व्यवसायाशी संबंधित असलेले अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता या समितीचे सदस्य होते, ही बाब त्या वेळी टीकेचा विषय ठरली. सुधारित इशारे अखेर १ एप्रिल २०१६ पासून लागू झाले.

भारतीय पुरावा नसल्याचे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. मुंबईतील संशोधक एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि व्ही. आर. खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास १९५५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने १९६० च्या दशकापासून ग्रामीण भागात तंबाखू आणि मुखकर्करोगाची पाहणी केली. मुंबईतील सुमारे दीड लाख प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. २०१० च्या दशकात भारतात धूम्रपानामुळे दरवर्षी सुमारे दहा लाख मृत्यू होतील, असा अंदाज ११ लाख घरांच्या पाहणीवर आधारलेल्या २००८ मधील अभ्यासाने दिला होता.

नोएडा येथील सेक्टर ३९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध आणि संशोधन संस्था आहे. १९७९ मध्ये पेशी संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत २०१६ मध्ये धूररहित तंबाखूविषयीचे जागतिक ज्ञान केंद्र स्थापन झाले. चघळण्याच्या आणि हुंगण्याच्या तंबाखूविषयीचे पुरावे करार स्वीकारलेल्या देशांना उपलब्ध करून देणे, हे या केंद्राचे काम आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार, राज्यात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते.

शासनाची भूमिकाही गुंतागुंतीची आहे. आरोग्य मंत्रालय तंबाखूवर निर्बंध घालते, तर वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील गुंटूर येथील तंबाखू मंडळ तंबाखूच्या उत्पादनाचे नियमन करते आणि निर्यातीला प्रोत्साहन देते. सरकारी मालकीच्या विमा कंपन्यांनी सिगारेट कंपनीत मोठी गुंतवणूक केलेली असून, या गुंतवणुकीला मुंबई उच्च न्यायालयात २०१७ मध्ये आव्हान देण्यात आले होते. आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये कलम ५.३ ला अनुसरून आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता जारी केली.

नवे नाव, जुना प्रश्न

सप्टेंबर २०१७ मध्ये फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड या संस्थेची घोषणा झाली. तिला दरवर्षी सुमारे आठ कोटी डॉलर याप्रमाणे १२ वर्षे निधी देण्याचे फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने जाहीर केले. आपले संशोधन स्वतंत्र असेल, अशी ग्वाही संस्थेने दिली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र तिच्याशी भागीदारी न करण्याची भूमिका त्याच महिन्यात घेतली. पुढे या संस्थेने कंपनीचा निधी घेणे बंद केले आणि २०२४ मध्ये नावही बदलले.

उद्योगाने पैसा दिला म्हणून प्रत्येक निष्कर्ष खोटा ठरतो, असे मात्र नाही. औषधांच्या चाचण्यांपासून बियाण्यांपर्यंत बरेचसे संशोधन उद्योगांच्याच पैशांवर चालते. अशा संशोधनाची बातमी वाचताना काही गोष्टी तपासता येतात. पैसा कोणाचा आहे आणि तो उघडपणे सांगितला आहे का? प्रकल्पाची निवड कोणी केली? निष्कर्ष प्रतिकूल आला असता तर तो प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य संशोधकाला होते का? ज्या गटांची तुलना केली, ते खरोखर भिन्न होते का? आणि उरलेला पुरावा कोणत्या बाजूने आहे? हिरायामा यांच्यापासून कॅलिफोर्नियाच्या अभ्यासापर्यंतचा वाद या पाच प्रश्नांभोवतीच फिरतो.

या वादात गेलेल्या काळाची किंमत घराघरांत मोजली गेली. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात भारतातील ३८.७ टक्के प्रौढ आपल्या घरातच इतरांच्या धुराला सामोरे जात असल्याचे आढळले. २००९-१० मध्ये हे प्रमाण ५२.३ टक्के होते. घट निश्चितच झाली आहे. परंतु बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी हा धूर सहन करावा लागत होता आणि ते प्रमाण आधीच्या २९.९ टक्क्यांच्या तुलनेत जवळजवळ बदललेले नव्हते. सार्वजनिक ठिकाणांसाठी केलेला कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. त्याच्या आत लहान मुलाने कोणत्या हवेत श्वास घ्यावा, हे ठरवणाऱ्या माणसापर्यंत खरी माहिती पोहोचणे, हाच तेथील एकमेव नियम आहे.